आत्यांचा सीन

“काकू, अजून थोडं चिडून,” केतकी कॅमेऱ्यामागून म्हणाली. “घरात तान्हं बाळ आहे आणि सून तुम्हाला न विचारता मैदानावर निघालीये. तुमचं डोकं फिरलंय.”

“मला न इचारता जायला ती काय येडी हाय व्हय?” आत्या म्हणाल्या. “मीच तर पिशवी भरून देते तिला.”

अंगणात सगळे हसले. केतकीबरोबरचा आवाज रेकॉर्ड करणारा मुलगा इतका हसला की हातातली माईकची काठी हलली. मी दारात जर्सी घालून उभी होते. कडेवर माझी पाच महिन्यांची अन्वी. सुहासनं, माझ्या नवऱ्यानं, त्या दिवशी डेअरीतून मुद्दाम सुट्टी घेतली होती. तो पायरीवर बसून आईची गंमत बघत होता.

“खोटं खोटं हो काकू. सीनपुरतं.”

“अस्सं. मग सांग की सरळ, नाटकातली सासू करायचीया म्हणून.” आत्यांनी पदर खोचला. “शाळेत असताना मी कैकयी केलेली. हेडमास्तर रडलेले.”

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या सासूबाईंचं नाव शालन. गावात कुठल्याही घरी बाळंतीण असली की पहिला निरोप शालनकाकींना जायचा. पाटावर पाय पसरून बसायच्या, पोटऱ्यांवर बाळ पालथं घ्यायच्या आणि तेलाच्या हातानं असं काही रगडायच्या की रडून लाल झालेलं पोर दोन तांबे पाण्यात झोपायला यायचं. मोबदला म्हणून कुणी खण-नारळ दिला तर घेत. नाही दिला तरी दुसऱ्या दिवशी त्या दारात हजर. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवरून उतरून चालायला लागलीत, असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की आत्या काहीतरी काम असल्यासारख्या आत निघून जायच्या. फुशारकी मारायची सवय नव्हती, पण ते वाक्य त्यांना फार आवडायचं.

मलाही त्यांनीच उठवून उभं केलं. सवा महिना जुन्या सुती लुगड्यानं पोट आवळून बांधलं. अन्वीला चौथा महिना लागल्यावर एके दिवशी माझे खो-खोचे बूट उन्हात टाकलेले दिसले. मी विचारलं, तर म्हणाल्या, “वास मारत हुते. घालून बघ, पाय सुजलाय का काय ते.” बूट घट्ट होत होते. त्यांनी सुहासला तालुक्याला पाठवून एक नंबर मोठे मागवले आणि संध्याकाळी अन्वीला दुपट्यात गुंडाळून माझ्याआधी मैदानावर जाऊन बसल्या. खेळाच्या मध्ये दूध दाटून आलं की मला लाजल्यासारखं व्हायचं, जर्सी ओली व्हायची. आत्या शाळेच्या पाण्याच्या टाकीमागून हाक मारायच्या, “ये गं, गिऱ्हाईक आलंय तुझं!”

ही खरी गोष्ट. केतकीला ती पहिल्याच दिवशी सांगून झाली होती. केतकी पुण्याची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिचा गट महाराष्ट्रभर फिरून महिला खेळाडूंच्या छोट्या फिल्म बनवत होता. मुलांच्या सामन्याला मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं उभी असतात. आमच्या सामन्याला फक्त आमच्या आया, आणि त्याही चुलीची आठवण झाली की उठून जाणाऱ्या. कुणीतरी आमची गोष्ट सांगतंय म्हटल्यावर आमचा अख्खा संघ हरखला होता. केतकीही मनापासून करायची. उन्हात उभी राहायची, आमच्यात बसून जेवायची, खो कसा द्यायचा ते शिकून घ्यायची.

पण त्या दिवशी सकाळी तिनं मला बाजूला घेतलं होतं.

“तृप्ती, राग मानू नकोस. पण तुझं सगळंच चांगलंय गं. नवरा चांगला, सासू चांगली. यात गोष्ट कुठंय?”

“मग काय करायचं?” मी हसून विचारलं.

“कुणी कधी अडवलंच नाही? एकदाही?”

मी खरंच आठवून बघितलं. “गल्लीतल्या बायका बोलतात. पण आत्याच त्यांना परस्पर उत्तर देतात.”

“गोड आहे. पण नुसतं गोड कुणी बघत नाही, अंगठ्यानं पुढं सरकवतात. सुरुवातीला जरा विरोध दाखवू, मग काकूंचं मन वळताना, आणि शेवटी त्या बाळाला घेऊन मैदानावर बसलेल्या. शेवट तोच ना? खराच?”

मला पटलं. खोटं सांगत नाही. मला ते चक्क आवडलं. आत्यांना सांगायला मीच गेले.

तर आत्यांनी पदर खोचला आणि केतकीनं बोट वर केलं.

“पोरगी घरात रडतीया,” आत्या दारातून गरजल्या, “आणि ही निघाली चार गावच्या माणसांपुढं पाय उघडं टाकून नाचायला! आई झालीस न्हवं? बस की घरात गप! पुन्हा त्या मैदानाचं नाव काढशील तर तंगडं मोडून हातात देईन!”

आणि कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी पायरीवरचे माझे बूट उचलून अंगणात भिरकावले. एक बूट थेट गोबरगॅसच्या टाकीवर जाऊन आपटला. त्या आवाजानं अन्वी दचकली आणि जीव तोडून रडायला लागली. कॅमेरा तिच्याकडे वळला. मग माझ्याकडे. मी हसू दाबत होते, म्हणून मान खाली घातली होती.

“कट!” केतकी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या क्षणाला आत्यांनी अन्वीला माझ्याकडून हिसकावून घेतलं. “भ्याली गं माझी बाय! न्हाय गं, न्हाय. आजी खोटं खोटं रागावली.” आणि तिला खांद्यावर थोपटत केतकीला म्हणाल्या, “बरं झालं का? का पुन्हा करू?”

“काकू, तुम्ही सिनेमात पाहिजे होतात.”

“हेडमास्तरबी हेच म्हणालेले,” आत्या म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

पूर्ण फिल्म महिन्याभरानं आली. ती चांगली होती. शेवटी आत्या टाकीमागं अन्वीला घेऊन बसलेल्या दिसत होत्या, माझी हुलकावणी बघून टाळी वाजवत होत्या. आम्ही घरात सगळ्यांनी एकत्र बघितली. पण लोकांनी ती बघितली नाही. केतकीच्या गटानं लोकांना फिल्मकडे ओढायला म्हणून तिचा एक तुकडा आधी टाकला होता. आत्यांचं बोलणं, उडालेला बूट, रडणारी अन्वी, खाली मान घातलेली मी. खाली लिहिलेलं, ‘तरीही ती धावली.’ तोच तुकडा सगळीकडे पसरला. सुहासच्या डेअरीत पोचला, माझ्या माहेरी पोचला, नागपूरच्या माणसांनी बघितला.

आत्यांना आधी मजा वाटली. चष्मा लावून त्या स्वतःला बघायच्या. बारीक अक्षर त्यांना वाचता येत नसे.

“खाली काय लिवलंय गं एवढं? वाच की.”

मी वाचलं होतं. मी म्हणाले, “छान काम केलंय म्हणतात.”

“अजून?”

“हुबेहूब केलंय म्हणतात.”

“कैकयीचं सांग त्यांना,” आत्या हसून म्हणाल्या.

त्या सुमाराला जगतापांची पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पूनम जन्मली तेव्हा तिला पहिलं न्हाऊ आत्यांनीच घातलेलं. मुलगा झाल्याचं कळल्यापासून आत्या निरोपाची वाट बघत होत्या. निरोप आला नाही. गडबडीत विसरले असतील, असं म्हणून एका सकाळी त्या स्वतःच निघाल्या. तेलाची वाटी फडक्यात बांधून, बरोबर मऊ झालेलं एक जुनं लुगडं.

अर्ध्या तासात परत आल्या. वाटी तशीच भरलेली.

“काय झालं, आत्या?”

त्यांनी न्हाणीत जाऊन पाट मांडला, बंबातलं पाणी काढलं आणि म्हणाल्या, “आण तिला.”

“तिची आंघोळ झालीय की मघाशी. तुम्हीच घातलीत.”

“आण म्हणते न्हवं.”

मी अन्वीला दिलं. त्यांनी तिला पायांवर घेतलं, तेल लावलं, पाठ रगडली, तळवे चोळले, एकेक बोट मोकळं केलं. अन्वी खुदकन हसली. पहिला तांब्या ओतताना आत्या म्हणाल्या, “पूनमच्या आईनं दारातच गाठलं. म्हणली, वहिनी, आम्हाला ठाऊक हाय तुम्ही कशा हाय ते. पर जावयानं बघितलंय. तो म्हणतोय, असली बाई माझ्या पोराला हात लावायला नको.”

मी दारात उभी होते. मला बसायचंही सुचेना.

अन्वीला पुसून दुपट्यात गुंडाळल्यावर त्या म्हणाल्या, “फोन आण. आता खरं वाच.”

“आत्या, कशाला—”

“वाच.”

मी वाचलं. असल्या बायकांना वृद्धाश्रमात टाकलं पाहिजे. हिच्यासारख्या म्हाताऱ्या गेल्याशिवाय देश सुधारणार नाही. ह्या म्हातारीच्याच तंगड्या मोडा. बिचाऱ्या बाळाकडे बघवत नाही. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला. तशा त्या म्हणायच्या, “ऐकू येत न्हाय.” मी पुन्हा मोठ्यानं वाचायची. त्या अन्वीला मांडीवर हलवत ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त मांडी थांबत नव्हती.

“बास,” शेवटी म्हणाल्या. “झोपली ती.”

त्याच दुपारी मी केतकीला फोन केला. तिला रडू फुटलं. तुकडा काढून टाकते म्हणाली, काढलाही. पण तोवर तो शेकडो लोकांनी आपापल्या नावानं टाकला होता. “तुमचं नाव लोकांना कळावं एवढंच हवं होतं गं,” ती म्हणाली. नाव कळलंही. एका कारखानदारानं आमच्या मैदानाला मॅट दिली. सरावाला नव्या अकरा मुली आल्या. त्यांच्या आया त्यांना सोडायला येत आणि जाताना माझ्याकडे बघून डोळे पुसत. त्या मॅटवर मी अनवाणी उभी राहिले आणि मला पळावंसंच वाटेना.

“एक मार्ग आहे,” केतकी म्हणाली. “पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी खेळाडू महिलांचा सत्कार आहे. तुझं नाव मीच दिलंय. पत्रकार असतील. तू स्वतः माईकवर सांग. सगळ्यांसमोर. तू सांगितलंस की विषय संपला.”

ते ऐकून आत्या जरा सावरल्या. “व्हय, तू सांगितलंस तर ऐकतील. तुझंच तर कौतुक चाललंय.” मग ट्रंकेतलं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं. “पूनमच्या आईलाबी सांगितलंय, टीव्हीवर दावतील म्हणून.”

सत्काराच्या दिवशी सुहासला सुट्टी मिळाली नाही. आम्ही तिघी एसटीनं गेलो. रस्ताभर मी बोलायचं पाठ करत होते. आत्या मध्येच सुधारणा सुचवायच्या. “बूट मोठं आणल्यालं सांग. पोट बांधल्यालं नको सांगू, पुरुष माणसं असत्यात.”

हॉल भरलेला होता. माझी खुर्ची मंचावर, आत्या अन्वीला घेऊन तिसऱ्या रांगेत. माझं नाव पुकारण्याआधी अंधार झाला आणि पडद्यावर काहीतरी सुरू झालं. पूर्ण फिल्म दाखवतील असं मला वाटलं होतं. पण कुणाकडून तरी मिळवलेला तोच तुकडा होता. ‘तंगडं मोडून हातात देईन’ला हॉलमध्ये बायकांचा एक आवाज उठला, दात-ओठ खाल्ल्यासारखा. दिवे लागले तेव्हा आत्या अन्वीच्या टोपड्याची नाडी पुन्हा बांधत होत्या. शेजारच्या बाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि पर्स उचलून मधली एक खुर्ची सोडून बसली.

प्रमुख पाहुण्या म्हणून मंदाकिनीताई होत्या, जिल्ह्यातल्या एका महिला संस्थेच्या अध्यक्षा. त्यांनी मला शाल घातली, ट्रॉफी दिली. मी माईक मागून घेतला.

“हे जे दाखवलं ते खोटं आहे,” मी म्हणाले. पाठ केलेलं सगळं विसरले होते. “म्हणजे, नाटक होतं. माझ्या सासूबाईंनी मला कधीच अडवलं नाही. त्यांनीच मला परत मैदानावर नेलं. बाळाला घेऊन रोज त्या येतात. माझे बूट त्यांनी मागवले. त्या इथंच आल्यात, समोर बसल्यात. तुम्ही जे त्यांना बोलताय ना…” मी नुसती रडत उभी राहिले.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्या वाढत गेल्या. मला वाटलं, झालं. ऐकलं लोकांनी.

मंदाकिनीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक हलकेच काढून घेतला.

“मैत्रिणींनो, बघितलंत?” त्यांचा आवाजही भरून आला होता. “सासू समोर बसली आहे. आणि ही लेक काय बोलते आहे ते ऐकलंत? आपल्या मुली अशाच असतात. सगळं पोटात घालतात. आज रात्री हिला त्याच घरी जायचंय, हे आपण बायकांनी नाही ओळखायचं तर कुणी?”

“ताई, नाही, खरंच—”

“असू दे बाळा, असू दे. तुला काही सांगायची गरज नाही.”

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओठांनीच म्हणाली, आम्ही आहोत तुझ्या पाठीशी. मी केतकीला शोधत होते. ती भिंतीशी उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

मंदाकिनीताई माईक घेऊन मंचावरून खाली उतरल्या. तिसऱ्या रांगेपाशी थांबल्या. फोटोग्राफर त्यांच्या मागं धावले. आत्या उठून उभ्या राहिल्या, मोठं माणूस आलं की राहतात तशा. अन्वी कडेवर.

“काकू, मी तुमच्यावर रागवायला आले नाही,” मंदाकिनीताई म्हणाल्या. “तुम्हीही आईच आहात. एवढंच मागते, या पोरीला आता तरी खेळू द्याल ना?”

माईक आत्यांच्या तोंडापाशी गेला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. आत्यांनी वर मंचावर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते, नाही, नाही म्हणत होते. माझ्या हातात ती ट्रॉफी होती आणि ती कुठं ठेवावी कळत नव्हतं. अन्वी माईक धरायला हात पुढं करत होती.

“देते बाई,” आत्या म्हणाल्या. “आजपासनं देते.”

हॉल उठून उभा राहिला. मंदाकिनीताईंनी त्यांना मिठी मारली. किती फोटो निघाले कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलाही. वर मथळा, ‘अखेर सासूचं मन वळलं.’

आम्ही जेवायला थांबलो नाही. स्टँडवर आलो तर आमची गाडी लागायची होती. कडेच्या बाकावर बसलो. अन्वी केव्हाची भुकेली होती, तिला पाजायला घेतलं. आत्यांनी इरकलीचा पदर सोडून आमच्यावर आडोसा धरला.

“आत्या,” मी म्हणाले, “खरं का नाही सांगितलंत?”

“तू सांगितलंस की खरं. घेतलं का कुणी?” त्या लागणाऱ्या गाड्यांकडे बघत होत्या. “माझं बघ, लगेच घेतलं.”

अन्वीच्या गिळण्याचा आवाज तेवढा येत होता.

कॉलेजच्या दोन मुली समोरून गेल्या, थांबल्या, कुजबुजल्या आणि परत आल्या. पाठीवर बॅगा, एकीच्या गळ्यात शिट्टी. खेळणाऱ्याच असाव्यात.

“ताई, तुम्ही तृप्ती माने ना? खो-खोच्या? आम्ही सभागृहातूनच आलो. एक फोटो काढू?”

मी मान वर केली. पदराआड मी अर्धी उघडी होते.

“ती पाजतीया,” आत्या हळूच म्हणाल्या. “झाल्यावर या बायांनो.”

मुली चपापल्या. माझ्याकडे बघितलं, मघाशी हॉलभर बायका बघत होत्या तसंच. मग मागं सरकल्या. चार पावलं गेल्यावर एक दुसरीला म्हणाली, “बघ ना. सासू फोटोसुद्धा काढू देत नाही.”

आत्यांनी ऐकलं. पदर धरलेला हात मात्र त्यांनी हलू दिला नाही.